मटणाची अख्खी रान (मागची मांडी) कुकरात घातली, वरून धागे आतून रबर. पॉट रोस्टसारखं मऊ मटण घरी कसं करायचं?

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न स्वयंपाकाचाच आहे पण महिनाभर डोक्यात बसलाय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागच्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत होते, चार महिने. तिकडं थंडीत पॉट रोस्ट करतात. मांसाचा एकच मोठा गोळा, दीड-दोन किलोचा, जड बिडाच्या भांड्यात ठेवायचा, थोडंसं पाणी, कांदा, गाजर, बटाटे, वर घट्ट झाकण आणि ओव्हनमध्ये १५० अंशाला तीन-चार तास. त्यांचं ते गाईबैलाचं असतं, खांद्याकडचा भाग, चक म्हणतात त्याला. आपण ते खात नाही म्हणून लेकीनं मेंढीच्या खांद्याचं तसंच करून दिलं. सुरी लागली नाही हो. चमचा टेकवला की तुकडा सुटून यायचा, आणि कोरडा नाही, रसरशीत.

तेव्हाच मनात आलं की घरी गेलं की हे आप्पांसाठी करायचं. आप्पा म्हणजे माझे सासरे, ८१ वर्षांचे, खालीवर कवळी. जन्मभर मटणाचे शौकीन माणूस. आता रविवारी नुसता रस्सा भाकरीत कुस्करून खातात. फोड घेतात, तोंडात घोळवतात, मग हळूच हातात काढून ताटाच्या कडेखाली सारतात. मला वाईट वाटू नये म्हणून. मी बघते आणि बघितलं नाही असं दाखवते.

तर लातूरला आल्यावर खाटकाकडून अख्खी रान आणली, १ किलो ७०० ग्रॅम. रात्रभर दही, आलं-लसूण लावून ठेवली, सकाळी कुकरात मोठ्या गॅसवर ८ शिट्ट्या. उघडून बघितलं तर दगड. परत ६ शिट्ट्या. वरचं मटण दोऱ्या दोऱ्या होऊन सुटलं आणि हाडाजवळ तसंच रबर. आणि जे सुटलं तेही कोरडं, खरखरीत. आप्पांनी त्या दिवशी पण भाकरी कुस्करूनच खाल्ली.

माझ्याकडं मोठा ओव्हन नाही. ५ लिटरचा कुकर आहे, ८ लिटरचं जाड बुडाचं भगुणं आहे, गॅस आहे, आणि मागच्या अंगणात चूल पण आहे. काय चुकलं आणि काय करू?

गोदाकाठचा गडी
ताई, पहिला प्रश्न, बोकड होतं का बोकडाच्या नावाखाली म्हातारी शेळी? आमच्या नांदेडात मी एकदा असाच फसलो होतो, तीन तास शिजवलं, शेवटी रस्सा पिऊन झोपलो सगळे.

खरपूस
बोकड-शेळीचं नंतर बघू. मला वाटतं मूळ घोटाळा भागाचा झालाय. रान ही मागची मांडी, त्यात गोळा मोठा, चरबी कमी. ती तुकडे करून सुक्क्याला छान. अख्खं आणि सावकाश शिजवायचं तर फरा घ्यायचा, म्हणजे पुढचा पाय खांद्यासकट. तुम्हीच लिहिलंय बघा, तिकडं पण खांद्याचंच घेतात. जनावर ज्या भागावर जास्त जोर देतं तिथं शिरा, पडदे, चिकट धागे जास्त असतात, त्याला कोलॅजन म्हणतात. कच्चं असताना तेच वातड. पण ओल्या उष्णतेत तासन्‌तास ठेवलं की ते विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि तेच मटणाला गुळगुळीत, रसाळ करतं. पायाचं सूप थंड झाल्यावर घट्ट होतं ना, ते हेच.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. मटण शिजताना मधे एक वेळ अशी येते की ते आधीपेक्षा जास्त कडक लागतं. ६०-७० अंशाला मांसाचे धागे आकसतात, पाणी बाहेर टाकतात, आणि कोलॅजन अजून विरघळायला लागलेलं नसतं. नेमकं तिथं आपण झाकण उघडतो, बोटानं दाबतो आणि म्हणतो शिजना झालंय. मग गॅस मोठा करतो. खरं म्हणजे तिथून पुढं फक्त वेळ द्यायचा असतो, जाळ नाही. ८०-९० अंशात दोन-अडीच तास राहिलं की आपोआप ढिलं पडतं.

सेलूची सून
एवढं कशाला? कच्ची पपई वाटून लावा, तासाभरात लोणी. माझ्या सासूबाई ४० वर्षं हेच करतात.

खरपूस
पपई छोट्या फोडींना ठीक आहे ओ. पण ती वरवरच काम करते, आत फार जात नाही. दीड किलोच्या फऱ्याला लावली तर वरचा थर पिठासारखा गिजगिजीत आणि आत जसंच्या तसं. ताईंना तेच तर नकोय. आणि उकळी आली की पपईचा गुण संपतो, त्यापुढं तिचा उपयोग नाही.

सेलूची सून
आमच्याकडं कधी गिजगिजीत झालं नाही. पण आम्ही एका किलोला सुपारीएवढीच घेतो, सालासकट. लोक वाटीभर ओततात मग पपईला नावं ठेवतात.

शिट्टीमास्तर
कुकरची बाजू घेणारं इथं कुणी दिसंना म्हणून लिहितो. ताई, कुकर चुकला नाही, शिट्ट्या मोजणं चुकलं. शिट्टी हे काही वेळेचं माप नाही. मोठ्या गॅसवर ८ शिट्ट्या १५ मिनिटांत होतात, बारीक गॅसवर त्याच ८ ला तास लागेल. कुकरात वाफेच्या दाबानं पाणी १२० अंशापर्यंत तापतं, उघड्या भांड्यात ते १०० च्या पुढं जात नाही. म्हणून कुकरात काम लवकर होतं, पण अख्ख्या दीड किलोच्या तुकड्याच्या हाडापर्यंत उष्णता पोचायलाच पाऊण तास जातो. एक शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करायचा आणि घड्याळ लावायचं, ५० मिनिटं ते एक तास.

दुसरं, दाब आपोआप उतरू द्या. आपण घाईत शिट्टी उचलून वाफ काढतो ना, तेव्हा आतलं पाणी एकदम खळखळ उकळतं, मटणातलं सुद्धा, आणि तुकडा चिपाडासारखा होतो. तुमचं ८ नंतर उघडलं, परत ६, म्हणजे तो मार दोनदा बसला. २० मिनिटं कुकर नुसता बाजूला ठेवा. माझी आई हे करते आणि तिच्या मटणाला आमच्या गल्लीत नाव आहे.

तेरणाकाठ
शिट्टीमास्तर, अगदी बरोबर ओळखलंत. मी चमच्यानं शिट्टी उचलून वाफ काढली होती. दोन्ही वेळा. आप्पांची जेवायची वेळ झाली होती, साडेबाराला ताट लागतं त्यांना.

बालाघाट
कुकर, ओव्हन सगळं खरं, पण माय, तुम्ही कंदुरी खाल्ली नाही का कधी? आमच्या अंबाजोगाईकडं दर्ग्याला, पिराला नवस फेडायचा तर कंदुरी. शेतात, लिंबाखाली, दोनशे माणूस. बोकडं सकाळी पडतात आणि दुपारी ३ ला पंगत बसते. तिथलं मटण कधी वातड लागलं असं सांगा. मी लहानपणापासून बघतो, आमचे चुलते कंदुरीचे आचारी होते, कुणाच्या घरचं कार्य असलं तरी बोलावणं यायचं. ते आधी पऱ्हाट्या, तुराट्या लावून जोराचा जाळ करायचे, तो फक्त परतण्यापुरता, कांदा-मटण तेलात लाल होईस्तोवर. पऱ्हाटीचा जाळ असाच, भसकन पेटतो आणि विझतो. पाणी ओतून एक उकळी आली की जाळ ओढून घ्यायचे आणि बाभळीच्या लाकडाचा आर हंड्याखाली पसरायचे. वर मोठी परात, परातीत पाणी. मग आम्हा पोरांना दम द्यायचे, हंड्याजवळ कुणी यायचं नाही. परातीतलं पाणी बोटाला चटका देण्याइतकं तापलं की तेच आत ओतायचं आणि परातीत नवीन भरायचं. गार पाणी चालू मटणात कधीच नाही, त्यानं मटण आखडतं म्हणायचे.

ते हंड्याला कान लावायचे. खरंच कान. आवाज कसा आला पाहिजे तर लांबून कुणी पुटपुटतंय असा. खदखद ऐकू आली की दोन निखारे बाहेर ओढायचे. मी नववीत असताना एकदा मला पण ऐकायला लावलं होतं, तो आवाज अजून कानात आहे. तुमच्याकडं अंगणात चूल आहे ना, मग ओव्हन कशाला पाहिजे.

प्रयोगवही
बालाघाट काका, किती सुंदर लिहिलंत. परातीतल्या पाण्यामागं शास्त्र पण आहे बरं का. वरचं झाकण गार राहतं, वाफ त्याला लागून परत थेंबानं खाली पडते, रस्सा आटत नाही आणि आतलं तापमान खदखदण्याच्या खाली राहतं. बिडाच्या भांड्याच्या जड झाकणाचं काम तेच, वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून दोन समजुतींबद्दल बोलते, राग मानू नका. पहिली, आधी परतलं की रस आत कोंडला जातो. युरोपात ही समजूत १८४७ च्या सुमारास लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळं पसरली, पण ती खरी नाही. परतलेल्या मटणातून पण पाणी निघतंच, तव्यावर चर्र आवाज येतो तो त्याच पाण्याचा. परतायचं ते चवीसाठी. मटणाचं अंग १४० अंशाच्या वर तापलं की लालसर-तपकिरी होतं आणि तो खमंग वास येतो. नुसत्या पाण्यात ते कधीच होणार नाही, कारण पाणी १०० ला थांबतं. म्हणून परता, नक्की परता, पण मऊपणा त्यातून येत नाही.

दुसरी, मीठ आधी घातलं की मटण शिजत नाही. उलट आहे. आदल्या रात्री मीठ चोळून ठेवलं तर ते आतपर्यंत मुरतं आणि शिजताना मटण पाणी जास्त धरून ठेवतं. किलोला साधारण १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन छोटे चमचे.

सेलूची सून
मीठ आधी? मॅडम, हे काही पटलं नाही. तूरडाळीत मीठ आधी घातलं की डाळ कडक राहते हे तर आमच्या घरात पोरं पण सांगतील.

प्रयोगवही
डाळीचा खरा शत्रू मिठापेक्षा पाणी आहे. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्यातला चुना डाळीच्या सालीला, गराला आवळून धरतो. मटणात ती भानगड नाही, पाणी जड असो का हलकं, फार फरक पडत नाही.

गोदाकाठचा गडी
पाण्याचं एकदम खरं. लातूरवाल्यांना विचारा, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा.

तेरणाकाठ
हो बाबा. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं टँकरचं यायचं आणि डाळीत चिमूटभर सोडा घातल्याशिवाय वरण व्हायचं नाही. आप्पा म्हणायचे वरणाला साबणाचा वास येतोय. भांडी घासायला पाणी नाही म्हणून आम्ही पत्रावळीवर जेवायचो. जाऊ द्या, तो विषय निघाला की मी दिवसभर लिहीन.

आंबील भज्जी
आम्ही शाकाहारी माणसांनी हा धागा उपाशीपोटी वाचायचा का नाही? येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात या सगळे, तुमच्या फऱ्याला विसरायला लावीन अशी भज्जी खाऊ घालते. ती पण सावकाशच शिजते बरं का, १६ भाज्या आणि बेसन, मंद आचेवर.

बालाघाट
भज्जीला आमचा पण मुजरा. आणि माठातली आंबील. येतो.

पैठण गेट
संभाजीनगरकर म्हणून नान खलियाचं, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचं, नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. असं सांगतात की १३२७ मध्ये महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली तेव्हा फौजेच्या मुदपाकखान्याबरोबर हा पदार्थ इकडं आला. हजारो माणसांना एकाच वेळी वाढायचं म्हणून मोठ्या देगीत रात्रभर मंद आचेवर खलिया आणि बाजूला तंदूरमध्ये हळदीचे पिवळे नान. आजही लग्नात देग आदल्या रात्री चढते. मी भटारखान्यात बसून बघितलंय, पहाटे ४ वाजता उस्ताद पळी उलटी करून पाठीनं फोड दाबतात. दबली तर झालं. बोटानं नाही, सुरीनं नाही.

सुरीची धार
मी जरा उशिरा आलो. आमचं मटणाचं दुकान आहे, तिसरी पिढी, म्हणून धंद्यातलं सांगतो. वर कुणीतरी म्हातारी शेळी म्हणालं, ते होतं पण तुम्ही स्वतः ओळखू शकता. जनावर उभं असताना दात बघतात. दुधाचे दात असले तर अदंत, कोवळं, चटकन शिजतं. दीडेक वर्षाचं झालं की पुढचे दोन पक्के दात येतात, ते दोन दाती. मग चार दाती, चार वर्षांच्या आसपास पूर्ण आठ. अख्खा फरा तीन तास शिजवायचा असेल तर अदंत नको, त्यात चवच नसते, पाणचट होतं. दोन दाती बोकड सांगा. आपलं उस्मानाबादी, काळं कुळकुळीत, तुळजापूर-उदगीर पट्ट्यातलं. ह्याच्या मटणाला वास कमी आणि चव जास्त, हे मी गिऱ्हाईकाला पटवायला नाही सांगत, आम्ही घरी तेच खातो.

आता मुख्य गोष्ट, ही कुणी लिहिलीच नाही. ताई, तुम्ही रान किती वाजता आणली आणि किती वाजता शिजायला टाकली?

तेरणाकाठ
शनिवारी दुपारी आणली. खाटीक म्हणाले सकाळचंच आहे, एकदम ताजं. संध्याकाळी दही लावलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि रविवारी सकाळी ८ ला कुकर लावला.

सुरीची धार
मग तुमची वेळ फार काही वाईट नव्हती. तरी सांगतो सगळ्यांसाठी. जनावर कापल्यावर काही तासांनी अंग ताठ होतं, मटणाचं पण तसंच. कापल्याबरोबर शिजवलं तर ठीक, कंदुरीत सकाळी पडतं आणि तासाभरात हंड्यात जातं म्हणून ते चालतं. पण सकाळी कापलेलं संध्याकाळी शिजवायला घ्याल तर ते नेमकं ताठलेलं असतं. लोक माझ्याकडं येऊन म्हणतात, मामा गरम गरम द्या, आत्ताचं द्या, आणि घरी नेऊन सहा-सात तासांनी फोडणीला टाकतात, मग म्हणतात वातड दिलं. फ्रिजमध्ये, ४ अंशाच्या खाली, एक पूर्ण दिवस राहू द्या, जमलं तर दीड. ताठरपणा आपोआप उतरतो. त्याच्या पुढं घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. आणि पिशवीत गुंडाळून नाही, पातेल्यात, वर ताट.

रान हा भाग आणि मोठा जाळ, तुमचं तिथं गेलं. फरा घ्या. खाटकाला सांगा खांद्याचं पातं तसंच ठेव, नळीचं हाड फक्त एका ठिकाणी फोड, म्हणजे भगुण्यात वाकेल आणि नळीतला मगज रश्श्यात उतरेल. वरचा पातळ पडदा काढू नका, तोच विरघळतो.

खरपूस
हे सोनं लिहिलंत मामा. मला ताठरपणाचं माहीत होतं पण कंदुरीचं मटण ताजं असून मऊ कसं, हा प्रश्न वर काकांचं वाचताना पडलाच होता.

शिट्टीमास्तर
तीन-साडेतीन तास गॅस जाळायचा म्हणजे सिलेंडरचं पण बघा लोकहो. माझ्या पद्धतीनं दीड तासात सगळं.

तेरणाकाठ
महिन्यातून एकदाच करायचंय भाऊ, आप्पांसाठी. गॅस जाऊ दे. आता ह्या रविवारी करतेच. अजून दोन शंका. बटाटे-गाजर कधी घालू? आणि आपला काळा मसाला चालेल का? तिकडं तर नुसतं मिरं आणि कसली कसली पानं असतात, आप्पांना ते आजाऱ्याचं जेवण वाटेल.

प्रयोगवही
बटाटे, गाजर शेवटच्या पाऊण तासात, मोठे तुकडे. आधी घातले तर लगदा. आणि टोमॅटो किंवा चिंच घालणार असाल तर बेतानं, आंबटात बटाटा लवकर शिजत नाही.

सेलूची सून
काळा मसालाच घाला, दगडफूल थोडं जास्त असलेला. आणि रस्सा दाट करायला मैदा-बिदा नको, येसर आहे ना घरात? दोन चमचे येसर वाटीभर पाण्यात कालवून शेवटच्या १० मिनिटांत ओता. भाजलेल्या गहू-डाळीचा वास मटणाला फार छान लागतो. पपईचं जाऊ द्या ह्या वेळी.

बालाघाट
आणि माय, कान लावून ऐका.

तेरणाकाठ
मंडळी, केलं. रविवारी रात्री निवांत लिहिते आहे, आता सगळे झोपलेत.

फरा शुक्रवारी संध्याकाळी आणला, १ किलो ६०० ग्रॅम, दोन दाती सांगून. खाटीक माझ्याकडं बघतच राहिले, म्हणाले वहिनी तुम्हाला कुणी शिकवलं. शनिवारी रात्री तीन छोटे चमचे मीठ आणि हळद चोळून परत फ्रिजमध्ये. रविवारी सकाळी साडेसातला बाहेर काढला, पुसून कोरडा केला, भगुण्यात तेल तापवून दोन्ही बाजूंनी लाल केला. हे जिकिरीचं आहे, एवढं धूड उलटवायचं म्हणजे दोन झारे लागले आणि नवऱ्याला हाक मारावी लागली. काढून घेतला, त्याच तेलात चार कांदे, आलं-लसूण-खोबऱ्याचं वाटण, अडीच चमचे काळा मसाला, मग फरा परत आत आणि कढत पाणी, फऱ्याच्या अर्ध्या उंचीपर्यंतच. खाली जुना लोखंडी तवा, सगळ्यात बारकी शेगडी, झाकण म्हणून परात आणि परातीत पाणी. चूल नाही पेटवली, रात्री पाऊस झाला होता, लाकडं ओली.

सव्वा नऊला बघितलं तर खरपूस म्हणाले तसंच, दगडासारखं कडक. खरं सांगते, तुम्ही आधी लिहिलं नसतं तर मी गॅस मोठा केला असता, हात तिथपर्यंत गेला होता. झाकण परत ठेवलं आणि कान लावला. काका, तो आवाज ऐकला मी. पुटपुटल्यासारखाच येतो. मधेच दोनदा खदखद झाली तेव्हा भगुणं जरा कडेला सरकवलं.

साडेदहाला फरा एकदा उलटवला, सव्वाअकराला बटाटे, गाजर. बाराला पळीच्या पाठीनं दाबलं आणि ते असं बसलं खाली, शिजलेल्या रताळ्यासारखं. येसर घातलं. पातं नुसतं ओढलं तर स्वच्छ हातात आलं, त्याला धागासुद्धा चिकटलेला नाही. सगळं मिळून साडेचार तास म्हणा.

गाजर मात्र जास्त शिजलं, पुढच्या वेळी २५ मिनिटंच.

आप्पांच्या ताटात मी काही न बोलता मोठा तुकडा ठेवला. त्यांनी सवयीनं भाकरी कुस्करायला घेतली. मग एक घास मटणाचा घेतला, थांबले, कवळी नीट केली आणि दुसरा घेतला. ताटाखाली काही गेलं नाही. तिसऱ्यांदा वाढायला गेले तेव्हा म्हणाले, "नळी कुणाला दिलीस?" नळी नातवाच्या ताटात होती. त्यानं मुकाट्यानं आणून दिली आणि आप्पांनी ती ताटावर ठोकून ठोकून मगज काढला, पूर्वी काढायचे तसा. आम्ही सगळे नुसते बघत होतो.

सुरीची धार
ताई, वाचून भरून आलं. उद्या दुकानात वडिलांना वाचून दाखवतो.

गोदाकाठचा गडी
मी वाचता वाचता भाकरी खाल्ली, नुसती. रस्सा उरला का काही?

तेरणाकाठ
दोन वाट्या उरलाय. फ्रिजमध्ये ठेवलेला आत्ता बघून आले तर दह्यासारखा थरथर बसलाय, पळी उभी राहते. खरपूसनी सांगितलेलं जिलेटिन ते हेच ना? उद्या सकाळी आप्पांना शिळ्या भाकरीबरोबर गरम करून देणार आहे.

खरपूस
तेच ते. गरम करताना पाणी घालू नका, आधी वितळू द्या.

शिट्टीमास्तर
मी पण आज कुकरात अख्खा फरा केला, एक शिट्टी आणि ५५ मिनिटं बारीक, मग २५ मिनिटं हात लावला नाही. मऊ झाला, चमच्यानं तुटत होता. पण रस्सा तुमच्यासारखा दाट नाही झाला, पाणी आटतच नाही कुकरात. पुढच्या वेळी उघडून १५ मिनिटं आटवीन. आईनं मात्र भगुण्याचं पण करून बघू म्हटलंय.

तेरणाकाठ
करा आणि सांगा. सुरीची धार दादा, एक विचारायचं राहिलं. १५ दिवसांनी नणंद येणार आहे माहेरी, बापाला जेवताना बघायचंय म्हणते. दोन फरे लागतील. ८ लिटरच्या भगुण्यात एकावर एक ठेवले तर चालेल का?

सुरीची धार
एकावर एक नको, खालचा दबून चिकटतो आणि वरचा पाण्याबाहेर राहतो. शेजारून मोठं पितळी भगुणं आणा, कल्हई बघून घ्या. दोन्ही आडवे, शेजारी शेजारी, पाती वरच्या बाजूला. वेळ तेवढाच लागेल, पाणी तेवढंच अर्ध्यापर्यंत. आणि दोन्ही फरे एकाच बोकडाचे सांगा, नाहीतर एक शिजेल आणि एक तुमची वाट बघायला लावेल.

बालाघाट
पावसाचं बघून लाकडं आधीच आत घेऊन ठेवा माय. दोन फऱ्यांना चूलच लावा.